पांजरपोळ निघाला तो कुत्र्यांसाठी

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातली भटकी कुत्री उचलावीत, त्यांची नसबंदी आणि लसीकरण करावे, आणि पुन्हा त्याच जागी न सोडता त्यांना निवाऱ्यात ठेवावे. आमच्या शिक्षकांच्या खोलीत यावर दोन दिवस चर्चा चालली. मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. कुत्रा चावलेली मुले आम्ही पाहिली आहेत आणि रेबीज काय असतो हेही ठाऊक आहे, त्यामुळे आदेशाचे स्वागत करणारेच जास्त होते. पण एका जुन्या सरांनी विचारले, "निवारा आहे कुठे?" गावाबाहेर चार तरुणांनी पत्र्याची शेड घालून जखमी कुत्री, मांजरे, दोन गाढवे ठेवली आहेत, तेवढेच. त्यांना खायला कोण घालते, हे कुणाला ठाऊक नव्हते.

आमच्या मोहल्ल्यात अशा कामाविषयी एक ठरलेले उत्तर आहे : ते काम आपले नव्हे. जैनांचे आहे, मारवाड्यांचे आहे, फार तर शहरातल्या हौशी लोकांचे आहे. कुत्रा तर नापाक, मग बोलायलाच नको. आणि दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही हे उत्तर सोयीचे वाटते. मुसलमान आणि प्राण्यांविषयीची दया हे शब्द एका वाक्यात आले की त्यांच्या कपाळावर आठी पडते. या दोन्ही बाजूंना मुंबईचा एक जुना किस्सा सांगावासा वाटतो.

कंपनी सरकारच्या मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचा नियम १८१३ पासून होता. वर्षातल्या ठराविक दिवसांत ही मोहीम चाले. १८३२ साली तिची मुदत वाढवण्यात आली आणि मेलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळू लागले. आठ आणे म्हणजे तेव्हाच्या मजुराला लहान रक्कम नव्हे. पुढे काय झाले असेल हे सांगायला इतिहासकाराची गरज नाही. भटके कोण आणि पाळलेले कोण हे पाहण्यात कुणाचा फायदा नव्हता. लोकांच्या ओट्यांवरून, अंगणातून कुत्री ओढून नेली जाऊ लागली. ६ जूनला फोर्ट भागात पारशांनी कुत्री मारणाऱ्या शिपायांना घेरून मारहाण केली. पारशांच्या धर्मात कुत्र्याला मान आहे, मृताला कुत्र्याची नजर दाखवण्याचा त्यांचा विधी आहे, त्यामुळे त्यांचा संताप समजण्यासारखा होता. पण दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला तो काही एकट्या पारशांचा नव्हता. जैन आणि हिंदू व्यापारी त्यात आले आणि इस्माईली मुसलमानही आले. कुलाब्याच्या छावणीत जाणारे अन्नपाणी अडवले गेले, तेव्हा मात्र सरकारने लष्कर आणले आणि धरपकड केली.

इंग्रजी पुस्तकांत हा प्रसंग 'डॉग रायट्स' या नावाने येतो. नाव वाचून हसू येते. पण मुंबईच्या देशी समाजांनी मिळून कंपनी सरकारविरुद्ध केलेल्या पहिल्या मोठ्या बंदांपैकी हा एक, आणि तो झाला गल्लीतल्या कुत्र्यांसाठी.

दंगल शमली, खटले झाले, अर्ज-विनंत्या झाल्या. कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत अशी मागणी पुढे आली. पण नेऊन सोडायची कुठे? दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी मुंबई पांजरपोळ सुरू केला. भुलेश्वरला तो आजही आहे. सुरुवातीला तिथे आणली गेली ती मोकाट कुत्री आणि डुकरे, कारण गोळी त्यांनाच खावी लागत होती. गाई नंतर आल्या, आणि संस्थेच्या इतिहासात याचे कारण असे सांगतात की कुत्र्यांना दूध घालायचे होते! आज 'पांजरपोळ' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फक्त गोशाळा येते. मराठीत तर निकामी माणसांच्या कचेरीलाही आपण थट्टेने पांजरपोळ म्हणतो.

जमशेटजींच्या पेढीविषयी एक गोष्ट इथेच सांगते. १८१८ च्या सुमारास त्यांनी जी कंपनी काढली तिचे भागीदार होते मोतीचंद अमीचंद हे जैन आणि महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान. पुढे गोव्याचे रोजेरियो द फारिया हे कॅथलिक व्यापारीही त्यात आले. चार धर्मांची माणसे एका पेढीवर बसून चीनला कापूस आणि अफू पाठवत होती. अफू हा शब्द मी मुद्दाम गाळत नाही. त्या काळच्या मुंबईतले बरेच दानधर्म या पैशातून झाले आहेत आणि ते लपवून इतिहास शिकवता येत नाही.

मला पांजरपोळाची खरी गंमत वाटते ती त्याच्या हिशोबात. जमशेटजींनी पैसा दिला, जागा दिल्या, हे तर झालेच. पण श्रीमंत माणसाची देणगी त्याच्याबरोबर किंवा त्याच्या नातवाबरोबर संपते, हे त्या व्यापाऱ्यांना नीट कळत होते. त्यांनी कापसासारख्या मालाच्या व्यवहारावर एक छोटा लागा बसवला. गाठ विकली गेली की काही पैसे पांजरपोळाच्या खात्यात. विकणाऱ्याला त्या दिवशी दया आली की नाही, याचा प्रश्नच नाही. आपल्या बाजारपेठांत बिलाखाली 'धर्मादा' म्हणून जी ओळ असे, तीच ही जात. जनावर रोज खाते, म्हणून पैसाही रोज यावा लागतो. रमजानमध्ये भरभरून आणि बाकी अकरा महिने काहीच नाही, असे चालत नाही.

ही कल्पना मुंबईची नव्हे, गुजरातेतून आलेली. १६२३ साली पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी खंबायतला आला होता. तिथे त्याने पक्ष्यांचा दवाखाना पाहिला, आई गमावलेली उंदराची पिल्ले सांभाळणारा म्हातारा पाहिला, लंगडी जनावरे, शेळ्यामेंढ्या पाहिल्या. आणि त्याच जनावरांत त्याला एक माणूस दिसला. तो मुसलमान होता. चोरीच्या गुन्ह्यात त्याचे दोन्ही हात तोडले होते, कमावून खाणे शक्य नव्हते, म्हणून या लोकांनी त्याला तिथे आणून ठेवले होते आणि त्याला काही कमी पडू देत नव्हते. प्रवासी दोन ओळी लिहून पुढे जातो. मी ती दोन ओळींची हकिकत वाचून बराच वेळ अडकून पडले. शिक्षा देणारी सत्ता मुसलमानांचीच, आणि आसरा देणारे वाणी. त्या माणसाला आपल्या जमातीतल्या कुणी का ठेवून घेतले नाही, असा प्रश्न मनात येतोच.

पण म्हणजे आपल्याकडे ही परंपराच नव्हती, असे कुणी म्हणेल तर ते चूक आहे. मुंबईत पांजरपोळ उभा राहत होता, नेमक्या त्याच वर्षांत एडवर्ड लेन नावाचा इंग्रज कैरोत राहून तिथल्या लोकजीवनाची टिपणे काढत होता. त्याने लिहिले आहे की रोज असरच्या सुमारास काझीच्या कचेरीसमोरच्या मोठ्या चौकात मांसाचे तुकडे, आतडी-कोथळी आणली जात आणि गावभरची मांजरे तिथे जमत. हे कशासाठी? तर सुलतान बैबर्सने, म्हणजे १२७७ साली वारलेल्या मामलुक सुलतानाने, आपल्या मशिदीजवळची एक बाग मांजरांच्या नावाने ठेवली होती. तिच्या उत्पन्नातून मांजरांचे पोट भरायचे. साडेपाचशे वर्षांनी काय उरले होते? मुतवल्लींनी आणि घेणाऱ्यांनी ती बाग पुन्हा पुन्हा विकली होती. नाममात्र खंड उरला होता, वर्षाला पंधरा पियास्तर. बाकीचा खर्च काझीच्या माथी, कारण दानाच्या मालमत्तांचा रखवालदार तो. लेन म्हणतो की अलीकडे मांजरांची आबाळच होते.

वक्फच्या जमिनींचे पुढे काय होते, हे महाराष्ट्रातल्या मुसलमानाला समजावून सांगण्याची गरज नाही. मांजरांची बागसुद्धा सुटली नाही, एवढेच. तरी मला या हकिकतीतला काझी आवडतो. बाग गेली, तरी त्याने 'उत्पन्न नाही, कार्यक्रम बंद' असे लिहून फाइल मिटवली नाही. हक्क मांजरांचा आहे, तो मी कुठून तरी पुरा करीन, असे त्याने धरले. कैरोत नको झालेले मांजर लोक काझीच्या घरी पाठवून देत, इतके ते सगळ्यांना माहीत होते.

'हक्क' हा शब्द मी सैल वापरत नाही. बैबर्स गादीवर आला तेव्हा कैरोत इझुद्दीन इब्न अब्दुस्सलाम हे शाफई फकीह हयात होते. 'सुलतानुल उलमा' म्हणून ओळखले जाणारे, मामलुक अमीरांना कायद्याने गुलाम ठरवून जाहीर विक्रीला काढणारे, तेच. १२६२ मध्ये ते वारले. माणसावर जनावरांचे कोणते हक्क आहेत याची त्यांनी यादीच केली आहे. त्यातला पहिलाच मुद्दा असा की जनावर म्हातारे झाले, आजारी पडले, त्याच्यापासून काडीचाही फायदा उरला नाही, तरी त्याच्या चाऱ्यापाण्याचा खर्च मालकाने करायचा. मालक खर्च करत नसेल तर काझीने त्याला भाग पाडावे, असे शाफई, मालिकी आणि हंबली सांगतात. इमाम अबू हनीफा म्हणतात की काझी सक्ती करणार नाही, पण अल्लाहपुढे तो माणूस जबाबदार आहेच. मतभेद आहे तो सक्ती करण्याबद्दल. खर्च करावा की नाही, याबद्दल नाही.

आणि कुत्र्याच्या नापाकीचे म्हणाल तर तो भांडी-कपडे धुण्याचा मसला आहे. कोकणातले आमचे शाफई लोक त्यात सर्वांत कडक, सात वेळा धुतात. पण तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाल्याची हदीसही त्याच ग्रंथांत आहे, आणि आमच्या प्रत्येक मुलाला ती पाठ असते. पाणी पाजणे आणि नंतर हात धुणे, या दोन गोष्टींत भांडण कसले?

मग हे काम आपले नाही असे कधीपासून झाले? माझ्या मते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. गोरक्षणाच्या सभा वाढल्या, १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मोठा हिंदू-मुस्लिम दंगा झाला, आणि त्याच्या कारणांत या प्रचाराचे नाव घेतले गेले. जनावराला आसरा देणे आणि शेजाऱ्याकडे बोट दाखवणे या गोष्टी एकमेकींत मिसळल्या. १८३२ मध्ये ज्या प्रश्नावर सगळे एका बाजूला होते, तोच प्रश्न साठ वर्षांत दोन बाजू पाडणारा ठरला. मुसलमान तिथून मागे सरला, आणि मागे सरण्याची सवय झाली. २०१५ च्या कायद्यानंतर तर जनावर हा शब्दच आमच्या घरांत दबक्या आवाजात येतो. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. ज्याच्या घरातला माणूस नुसत्या संशयावरून मार खाऊन आला आहे, त्याला भूतदयेचे व्याख्यान देणे निर्लज्जपणाचे होईल. पण कुत्र्या-मांजरांचा आणि गाढवांचा निवारा हा या भांडणाच्या आधीचा आणि बाहेरचा आहे. तिथे आपल्याला कुणी अडवलेले नाही.

पैशाचा मसला सरळ आहे. जकात इथे चालत नाही, तिचे हकदार ठरलेले आहेत आणि ती माणसेच आहेत. सदका आणि लिल्लाह चालते. एकदाच मोठी रक्कम देऊन फोटो काढण्यापेक्षा दरमहा थोडे आणि चुकता न देणे बरे, हा भुलेश्वरच्या व्यापाऱ्यांचा धडा. आणि एक गोष्ट आपल्याकडे आहे जी पांजरपोळ चालवणाऱ्यांकडे कधीच नव्हती. त्यांना कुत्र्यांना दूध घालावे लागले, म्हणून गाई पाळाव्या लागल्या. आमच्या मोहल्ल्यात मटणाची सहा आणि कोंबडीची त्याहून जास्त दुकाने आहेत. रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जे छाटण उरते ते नाल्यात जाते, आणि त्यावरच मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात, ज्यांना मग आमची मुले घाबरतात. तेच छाटण शिजवून शेडवर गेले तर नालाही साफ राहील. कच्चे मात्र देऊ नये, असे जनावरांच्या डॉक्टरांनी मला बजावले आहे.

जमात कमिटीपुढे मी हे मांडले तेव्हा कुणी नाही म्हटले नाही. प्रश्न दोनच आले. गाडी कुणाची, आणि शिजवायचे पातेले पुन्हा आपल्या दावतीत वापरायचे का? पातेले वेगळे ठेवायचे ठरले. गाडीसाठी एका रिक्षावाल्या भाईंनी सोमवार आणि गुरुवार घेतला आहे, बाकीचे पाच दिवस अजून मोकळे आहेत.