टाक्याचं पाणी आणि साबण

आमच्या डोंगराकडं साबण उशिरा आला. तोवर डोक्याला शिकेकाई, धुण्याला रिठा नाहीतर माळावरचं हिंगणबेट, भांड्याला चुलीतली राख. अंग दगडानं घासायचं. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निर्मा पावडर काढली. पुढं ती पिवळी पुडी वाडीवाडीत पोचली अन् राख, रिठा मागं पडला.

धुणं कुठं करायचं, हे मात्र साबणाच्या आधीपासून ठरलेलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला प्यायचं पाणी, त्याखाली धुणं, शेवटी गुरं. (याच पाणवठ्यावर माणसांनाही शिवू दिलं नाही, त्यापायी बाबासाहेबांना १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर जावं लागलं, हेही त्याच इतिहासातलं.)

गडावरच्या पाण्याला वरचं-खालचं अंगच नाही. हरिश्चंद्रगडावर खडकात खोदलेली टाकी बघा. ओढा घाण पुढं तरी नेतो, टाकं जिथल्या तिथं. पावसात भरलं की ते मृगापर्यंत पुरवायचं. वैशाखात पाणी तळाला जातं, तेव्हा तेच माणसाला, तेच वानरांना. अशा टाक्याच्या काठावर सॅकवाली पोरं खरकटी भांडी घासतात, डोकी धुतात. हटकलं तर म्हणतात, "काका, नैसर्गिक साबण आहे, जिरून जातो."

अरे बाबांनो, रिठा काय कारखान्यात होतो? तरी पण रिठा कुटून डोहात टाकून मासे गुंगवायची जुनी रीत आहे. त्याचा फेस माशाच्या कल्ल्याला बाधतो. साबणानं पाण्याचा वरचा ताण मोडतो, मग त्यावर पळणारी निवळीसुद्धा बुडते. साबण जिरवायचं खरं काम मातीतले बारीक जीव करतात. साध्या पाण्यात ते तसं होत नाही, मग पुडक्यावर झाडाचं चित्र असो नाहीतर फुलाचं.

म्हणून टाक्यातलं पाणी भांड्यानं काढून घ्यावं. उताराकडं ऐंशीएक पावलं लांब जावं, वीतभर खड्डा करावा, तिथं धुवावं, वर माती लोटावी. दोन दिवसांच्या चालीला सुपारीएवढा तुकडा पुष्कळ झाला. भांड्याला तर साबण लागतच नाही, चुलीची राख असतेच. परसाकडून आल्यावर हाताला मात्र साबण हवाच. तेही पाणी खड्ड्यात.