जुनं कोणी ठरवायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० साठीच्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या थांबल्या. विंडोज ११ ला ठरावीक नवे प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. ते ज्यांच्यात नाही असे कितीतरी धडधाकट संगणक त्या दिवशी एकदम म्हातारे ठरले. कालपर्यंत काम करत होते, आजही करतात, पण वय झालं म्हणे! आम्हा पेन्शनरांना यात रस वाटणारच.

अशा वेळी सल्ला मिळतो, "लिनक्स टाका, जुना संगणक कायमचा चालेल." हे कितपत खरं, ते इतिहासाला विचारू या.

१९९१ साली हेलसिंकीतला एक विद्यार्थी, लिनस टॉरवल्ड्स, आपल्या नव्या ३८६ संगणकावर युनिक्ससारखी प्रणाली लिहायला बसला. मेमरी अवघी ४ एमबी. प्रा. अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी १९८७ मध्ये काढलेली मिनिक्स त्याला अपुरी वाटत होती. ३८६ च्या अंगच्या सोयी वापरूनच पहिलं लिनक्स उभं राहिलं. ३८६ हे लिनक्सचं जन्मघर म्हणायला हरकत नाही.

आणि गंमत बघा, डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्सने याच ३८६ चा आधार काढून टाकला! ४८६ पासून आलेल्या काही आज्ञा ३८६ ला कळत नाहीत. त्याच्यासाठी वेगळा कोड सांभाळावा लागे आणि तो नव्या बदलांच्या आड येई. आपण हळवे नाही, गेलं ते बरंच झालं, अशा अर्थाचं टॉरवल्ड्स यांनी लिहिलं. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही जुन्या ३२ बिट पीसींसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर देणं थांबवलं.

म्हणजे 'कायमचा' हा शब्द खोटा. मग फरक काय राहिला?

त्यासाठी नेटबीएसडीकडे पाहावं लागतं. १९९३ साली सुरू झालेली हीदेखील मोफत, युनिक्सच्याच घराण्यातली प्रणाली. मार्च २०२४ मध्ये तिची १० वी आवृत्ती आली आणि तीत व्हॅक्ससुद्धा आहे. व्हॅक्स ही डेक कंपनीची १९७७ पासूनची यंत्रं! कंपनी स्वतः १९९८ मध्ये कॉम्पॅकने विकत घेतली, तरी यंत्रांची दखल घेणारे लोक आहेत. त्यांनी कामाची युक्तीही काढली आहे. एवढी मोठी प्रणाली जुन्या यंत्रावरच बांधायची तर दिवसच्या दिवस जातील. म्हणून ती वेगवान नव्या संगणकावर बांधायची आणि तयार झालेली जुन्यावर चढवायची. नव्याने जुन्याचं ओझं उचललं, असंच की नाही हे?

मला फरक दिसतो तो इथे. यंत्र म्हातारं झालं हे ठरवण्याचा हक्क एकाच कंपनीकडे राहत नाही. लिनक्सने ३८६ सोडलं तरी जुना कोड कुलपात गेला नाही. हवं त्याने तो घ्यावा, सांभाळावा. मात्र सांभाळणारा कोणीतरी हवा. ज्या दिवशी तपासायला, दुरुस्त करायला माणूस उरत नाही, त्या दिवशी मोफत प्रणालीही यंत्राचा हात सोडते.

तेव्हा माळ्यावरच्या संगणकावर लिनक्स जरूर चढवा. आधी यंत्र ३२ बिट की ६४ बिट तेवढं बघा. आणि चाललं, तर कुठल्यातरी अनोळखी माणसाने संध्याकाळी बसून त्यासाठी काम केलंय, हे लक्षात असू द्या.