डेम्लो स्टेशन आणि ६१७४

भाजी चिरत ऐकत असाल तर सुरी जरा बाजूला ठेवा आणि कागद-पेन्सिल घ्या.

आपल्या पार्ले पूर्वचा पिनकोड ४०००५७. त्यातले शेवटचे चार आकडे घेऊ. मोठ्याकडून लहानाकडे मांडले तर ७५००, लहानाकडून मोठ्याकडे ००५७. वजाबाकी करा, ७४४३. आता या आकड्यांचं पुन्हा तसंच करायचं. ७४४३ वजा ३४४७, उत्तर ३९९६. मग ६२६४, मग ४१७६ आणि मग ६१७४. इथे गाडी थांबते. पुढे कितीही वजाबाक्या करा, ६१७४च येतं. कुठलेही चार आकडे घ्या, फक्त चारही सारखे नकोत. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ गाठलंच समजा.

याला जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. रामन परिणाम, चंद्रशेखर मर्यादा ही नावं आपल्या कानावरून गेलेली असतात. ती दोघं नोबेल मिळवलेली माणसं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर मात्र नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते.

त्यांचा जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले. पुढची पदवी नाही. १९३० ते १९६२ त्यांनी शाळेत शिकवलं. ६१७४ त्यांना सापडला १९४६ मध्ये, आणि १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. आपल्याकडच्या कितीतरी गणितज्ञांना हा पोरखेळ वाटे. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं. मास्तर निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती!

मला त्यांचं आवडतं ते वेगळंच. स्वतः बारसं करताना ते कुठली नावं शोधत, बघा. ११चा वर्ग १२१, १११चा वर्ग १२३२१. आकडे जिना चढतात आणि उतरतात. अशा संख्यांना नाव दिलं 'डेम्लो'. मुंबईपासून तीस मैलांवर जी.आय.पी. रेल्वेचं एक स्टेशन होतं, तिथे ही कल्पना सुचली म्हणून. ते म्हणजे आजचं डोंबिवली. पार्ल्याहून दादरला गाडी बदलली की झालं. आपल्या आकड्यांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो, ती 'हर्षद', आनंद देणारी. जशी १८: एक आणि आठ नऊ, नऊ दुणे अठरा.

आणि एक 'देवळाली' संख्या. २४ घ्या. २१मध्ये त्याचेच आकडे, दोन आणि एक, मिळवले की २४ होतात. म्हणजे २१ ही २४ची आई. पण ३१ला अशी आईच नाही. ती आपली आपण जन्मलेली, म्हणून स्वयंभू.

मी अकरावीनंतर गणित सोडलं. 'मुलींना कशाला एवढं' असं वर्गात ऐकलं होतं, आणि मलाही ते सोयीचं वाटलं. परवा नातीच्या वहीमागे या वजाबाक्या करत बसले, तर कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. वरण करपलं.

आता तुमचं काम. वीसच्या आतल्या संख्यांत आई नसलेल्या किती? एक, तीन, पाच... पुढच्या तुम्ही शोधा.