प्रभातच्या आवारातील दोन मिर्झा

शाळेच्या स्नेहसंमेलनात माजी विद्यार्थ्यांना मानाने बोलावतात. कोणी डॉक्टर झालेला असतो, कोणी शिक्षक. आमच्या बीड जिल्ह्यातल्या उर्दू शाळांतही हीच रीत आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने वर्धापनाच्या निमित्ताने आपल्या प्रेक्षागृहात माजी विद्यार्थ्यांचे चित्रपट लावले, तर तो याच रीतीचा भाग. पण त्या यादीच्या आधी तिथल्या जागेचा एक जुना चित्रपट आठवावा, असे आम्हाला वाटते.

ही संस्था १९६० मध्ये सुरू झाली ती प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात. कोल्हापूरची प्रभात १९३३ मध्ये पुण्याला आली आणि १९५३ मध्ये बंद पडली. याच प्रभातने १९४१ मध्ये व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'शेजारी' काढला. पाकिस्तानचा ठराव होऊन जेमतेम वर्ष लोटले होते. चित्रपटात एक हिंदू, एक मुसलमान असे दोन जिवलग शेजारी आहेत. धरण बांधणारा भांडवलदार त्यांच्यात फूट पाडतो. शेवटी धरण फुटते आणि मरताना दोघे एकत्र येतात. त्यातला मिर्झा साकारला गजानन जागीरदार यांनी. 'पडोसी' या हिंदी आवृत्तीतही मिर्झा तेच होते आणि हिंदू ठाकूर झाले मझहर खान. पुढे त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, तेव्हा तिचे पहिले प्राचार्य झाले हेच जागीरदार.

आता दुसरे मिर्झा. सईद अख्तर मिर्झा या संस्थेतून १९७६ मध्ये शिकून बाहेर पडले. 'सलीम लंगडे पे मत रो' (१९८९) मध्ये त्यांनी मुंबईच्या मोहल्ल्यातला वाट चुकलेला तरुण दाखवला. १९९५ च्या 'नसीम' मध्ये १९९२ सालचा जून ते डिसेंबर हा काळ आहे. शाळकरी नसीमला आजोबा जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगतात आणि ६ डिसेंबरला डोळे मिटतात. आजोबा झाले होते शायर कैफी आझमी आणि नसीम झाली होती आपल्या मराठवाड्यातल्या, त्या वेळच्या औरंगाबादची मयूरी कांगो. या चित्रपटासाठी मिर्झांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे २०११ मध्ये ते या संस्थेचे अध्यक्षही झाले.

पहिल्या मिर्झाची गोष्ट इतरांनी सांगितली, आणि ती मायेने सांगितली. दुसऱ्या मिर्झांनी ती स्वतः सांगितली. समाजाला दोन्हींची गरज असते. पडद्यावर आपण नवाब, कव्वाल नाही तर गुंड म्हणूनच दिसतो, अशी तक्रार आपण नेहमी करतो. पण आपलेच मूल सिनेमा शिकायचे म्हणाले की 'हे शरीफांचे काम नव्हे' म्हणून त्याला गप्प करतो. वर्गात आम्हीही हेच केले आहे, हे कबूल करायला हवे.

शबाना आझमी, नसीरुद्दीन शाह हेही याच संस्थेत घडले. मुलांना डी.एड., बी.एड.ची वाट दाखवताना या वाटेचाही पत्ता त्यांना सांगू या. बीडच्या घराघरांतल्या नसीमची गोष्ट अजून सांगायची राहिली आहे.