दिव्यांच्या अक्षरांची कुळकथा

राजाज्ञा प्रजेला कळविण्याचे दोन मार्ग आपल्याकडे फार प्राचीन काळापासून रूढ होते. एक शिलालेखाचा व दुसरा दवंडीचा. दगडावर कोरलेलें अक्षर चिरकाल टिकतें, पण एकदां कोरल्यावर तें बदलत नाहीं. दवंडीचा मजकूर रोज नवा असूं शकतो, पण आवाज विरला कीं मजकूरहि विरतो. डोळ्यांना स्पष्ट दिसावें आणि तरीहि क्षणोक्षणीं बदलावें, असें अक्षर माणसाच्या हातीं आलें तें विसाव्या शतकांत. हल्लीं 'डिजिटल फलक' या नांवानें चौकाचौकांत झळकणाऱ्या पाट्यांचें मूळ तेथें आहे; आणि तें शोधूं गेल्यास न्यूयॉर्क शहरांतील एका इमारतीपाशीं जावें लागतें.

'न्यूयॉर्क टाइम्स' या वृत्तपत्रानें आपली उंच इमारत उभारण्यास घेतली, तेव्हां १९०४ सालीं तेथल्या चौकाचें नांव बदलून 'टाइम्स स्क्वेअर' असें ठेवण्यांत आलें. पुढें जागा अपुरी पडून पत्राची कचेरी जवळच दुसरीकडे हलली. तथापि ही इमारत पत्राच्याच मालकीची राहिली. तिच्याभोंवतीं ६ नोव्हेंबर १९२८ रोजीं, अध्यक्षाच्या निवडणुकीच्या रात्रीं, दिव्यांचा एक पट्टा प्रथम प्रकाशमान झाला. त्याची लांबी सुमारें ३८० फूट असून त्यांत १४,८०० दिवे होते. हर्बर्ट हूव्हर निवडून आल्याची वार्ता त्या रात्रीं जणूं इमारतीला प्रदक्षिणा घालीत लोकांच्या डोळ्यांपुढून सरकत गेली.

या यंत्राची रचना मोठी बोधप्रद होती. छापखान्यांत खिळे जुळवितात त्याप्रमाणें आंतल्या खोलींत धातूचीं अक्षरें चौकटींत जुळवीत, व त्या चौकटी साखळीवरून पुढें सरकत. अक्षराचा धातु ज्या ज्या विद्युत्-संपर्काला टेके, त्याचा त्याचा दिवा बाहेर लागे. धातु पुढें सरकला कीं मागचा दिवा विझे व पुढचा पेटे. दिवा एकहि जागचा हालत नसे. अक्षरें चालत असल्याचा भास तेवढा पाहणाऱ्याच्या डोळ्यांत उत्पन्न होई. आजच्या फलकावरील धांवतें चित्रहि याच तत्त्वावर धांवतें. बदलला आहे तो दिवा, आणि त्या दिव्याला हुकूम देणारा.

त्या पट्ट्याला जनतेच्या आयुष्यांत केवढें स्थान मिळालें, तें १९४५ सालीं दिसून आलें. १४ ऑगस्टला त्या चौकांत प्रचंड जमाव वाट पाहत उभा होता. सायंकाळीं सात वाजून गेल्यावर, जपाननें शरणागति पत्करल्याची अध्यक्ष ट्रूमन यांची घोषणा पट्ट्यावर उमटली आणि चौक जयघोषानें दुमदुमला. लक्षाधीशाला व हमालाला, दोघांनाहि ती बातमी एकाच क्षणीं व फुकट मिळाली.

मात्र तंतूचा दिवा लवकर तापतो, जळतो व वीजहि फार खातो. जॉर्ज क्लोद यांनीं १९१० सालीं पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनांत निऑन वायूच्या नळ्या प्रकाशित केल्या. त्यांचें तेज मनोहर होतें खरें, पण काचेची नळी एकदां 'चहा' या अक्षरांत वांकविली कीं ती जन्मभर 'चहा'च म्हणणार. ही अडचण 'एलईडी' दिव्यानें दूर केली. एलईडी म्हणजे वीज मिळतांच प्रकाश देणारा अर्धवाहक पदार्थाचा चिमुकला कण. त्याचा तांबडा प्रकाश अमेरिकेंत निक होलोन्याक यांनीं १९६२ सालीं मिळविला. हिरवाहि पुढें साध्य झाला. निळा मात्र कित्येक वर्षें हुलकावणी देत राहिला. १९९३ सालीं जपानमध्यें शूजी नाकामुरा यांनीं तेजस्वी निळा दिवा सिद्ध केला. तांबडा, हिरवा व निळा हे तिन्ही एकत्र आल्यावर हवा तो रंग व हवें तें चित्र उमटविणें शक्य झालें. निळ्या दिव्याच्या या शोधाबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें.

दिव्याला संगणकाची व तारायंत्राच्या आधुनिक वारसाची, म्हणजे इंटरनेटची, जोड मिळाली, तेव्हां एका खोलींत बसून शंभर गांवांतील फलक एका क्षणांत बदलतां येऊं लागले. त्यामुळें धंद्याचें गणितच पालटलें. रंगविलेली पाटी महिन्याच्या बोलीनें एका व्यापाऱ्याला मिळत असे. हा नवा फलक सेकंदांच्या हिशेबानें आळीपाळीनें अनेकांना विकतां येतो. कांहीं ठिकाणीं तर फलकावर कॅमेरे बसवून, समोर किती माणसें थांबलीं याचीहि मोजदाद ठेवतात. पूर्वीं माणूस फलक पाही. आतां फलकहि माणसाला पाहूं लागला आहे.

या गणिताचा परिणाम त्या मूळ इमारतीनेंच भोगला. १९६१ सालीं वृत्तपत्रानें ती विकून टाकली. १९९५ सालीं एका पेढीनें ती घेतली व दोनच वर्षांत कित्येक पट किंमतीला विकली. कारण आंतल्या खोल्यांपेक्षां बाहेरच्या भिंतींचें भाडें अधिक येतें, हें सिद्ध झालें होतें. वरचे बहुतेक मजले ओस ठेवून भिंती फलकांनीं मढविण्यांत आल्या. २०२२ सालीं नूतनीकरण हातीं घेईपर्यंत जवळजवळ हीच स्थिति होती. ज्या घरानें लोकांना बातमी देण्यासाठीं दिवे लावले, तें घर शेवटीं दिवे टांगण्याचा सांगाडा होऊन बसलें.

याबाबतींत नगरांनीं परस्परविरुद्ध मार्ग धरले आहेत. न्यूयॉर्कनें १९८७ सालीं नियम करून टाइम्स स्क्वेअरमधील नव्या इमारतींवर झगझगीत फलक असलेच पाहिजेत असें ठरविलें. उलट ब्राझीलमधील साओ पावलो शहरानें १ जानेवारी २००७ पासून रस्त्यावरील जाहिरातींचे फलक कायद्यानें बंद केले. तेव्हां वर्षानुवर्षें झांकलेल्या घरांच्या दर्शनी भिंती नागरिकांना पुन्हां दिसूं लागल्या.

यावरून दिव्याचें अक्षरच त्याज्य ठरतें असें नाहीं. मुंबईच्या उपनगरी स्थानकावर तोच दिवा पुढली गाडी कोठली, जलद कीं धीमी, व ती किती मिनिटांत येणार हें निमूटपणें सांगतो आणि हजारोंची धांवाधांव वांचवितो. यंत्र एकच, एक वाटसरूची सेवा करतें, दुसरें त्याची नजर विकतें. घरांतल्या रेडिओचा कंटाळा आल्यास कळ फिरवून तो बंद करतां येतो. रस्त्यावरच्या फलकाला वाटसरूच्या हातीं अशी कळ नाहीं. ती नगराच्या कायद्यांतच असूं शकते, आणि ती कोणीकडे फिरवावी हें ठरविण्याचा अधिकार त्या रस्त्यानें रोज चालणाऱ्या नागरिकांचा आहे.