कनोजचे अत्तर

गंगेच्या खोऱ्यातील कनोज ही सातव्या शतकात हर्षवर्धनाची राजधानी होती. ते वैभव केव्हाच लयाला गेले. बडा बाजाराच्या अरुंद गल्ल्यांतून अत्तराचा व्यापार मात्र टिकून राहिला. गुलाबाच्या अत्तराचा शोध लोक नूरजहानच्या नावे सांगतात. जहांगीराने मात्र आपल्या आत्मचरित्रात तो मान तिच्या आईला दिला आहे. सासूचे श्रेय जावयाने लिहून ठेवावे, हे विरळाच!

पहाटे खुडलेली फुले पाण्यासह तांब्याच्या ‘देग’मध्ये घालून झाकण मातीने लिंपतात. वाफ बांबूच्या नळीतून, पाण्यात ठेवलेल्या ‘भपक्या’त उतरते आणि तेथील चंदनतेलात सुगंध मुरतो. आच किती हवी, हे कारागीर भांड्याला हात लावूनच ओळखतो. भाजलेल्या मातीपासून पहिल्या पावसाचा गंधही येथे असाच काढतात.

खरी चिंता आहे ती या चंदनतेलाची. चंदन दुर्मीळ व महाग झाले, तसे अनेक कारखानदार त्याऐवजी द्रव पॅराफिन वापरू लागले. कनोजच्या अत्तराला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परंतु पुष्कळ कुप्यांवर नाव गुलाबाचे असले, तरी ज्यात तो गुलाब मुरायचा, ते चंदन आत नसते.