‘भेटू कधीतरी’ची फ्रेंच गोष्ट



फ्रेंच क्लासमधली माझी मैत्रीण तीन वर्षांपूर्वी शिकायला फ्रान्सला गेली. तिथून तिचा मेसेज आला, शेवटी नुसतं ‘ए प्लस’. मला वाटलं, परीक्षेत ग्रेड मिळाली! मी लगेच अभिनंदन ठोकलं. ती हसून बेजार. “अगं, ते ‘आ प्ल्यूस’ आहे!” ‘आ प्ल्यू तार’, म्हणजे ‘नंतर भेटू’, याचं शेपूट कापलेलं रूप. लिहिताना अधिकचं चिन्ह टाकलं की झालं.

मग मी या निरोपांच्या मागेच लागले.

फ्रेंचमधला जुना निरोप ‘आद्यू’. शब्दशः अर्थ, ‘देवाच्या हवाली’. आज हा शब्द वापरला तर सहसा कायमची ताटातूट वाटते. गंमत म्हणजे दक्षिण फ्रान्सच्या काही भागांत भेटल्यावरसुद्धा ‘आद्यू’ म्हणतात. पुढे १७व्या शतकात ‘पुन्हा दिसेपर्यंत’ असं म्हणणं आलं आणि त्यातून उरलं ‘ओ रव्वार’. म्हणजे निरोपातच परत भेटायची सोय. ओळखीचं वाटतंय? आपण दारातून ‘जाते’ म्हटलं की आजी टोकतेच, “जाते नाही, येते म्हणावं!”

आता मोबाइलकडे येऊ. एसेमेसची कल्पना १९८०च्या दशकात फ्रेंच-जर्मन सहकार्यातून आकाराला आली. एका मेसेजात १६० अक्षरं, त्यामुळे पोरं काटकसर करणारच. ‘आ अँ द से कात्र’ म्हणजे ‘येत्या चार दिवसांत कधीतरी’. इथला ‘चार’ मोजायचा नाही, आपण ‘चार लोक काय म्हणतील’ म्हणतो तसाच तो. फ्रेंचमध्ये १ म्हणजे ‘अँ’, आणि २चा उच्चार ‘द’च्या जवळ जातो. म्हणून अख्खं वाक्य झालं ‘ए१२सी४’. पासवर्डच जणू!

आणि आजची तरुण मंडळी म्हणतात, ‘ऑं स काप्त’. ‘काप्ते’ म्हणजे सिग्नल पकडणं. फोनला रेंज नसली तरी हेच क्रियापद येतं. म्हणजे ‘एकमेकांना पकडू’. देवापासून निघालेला निरोप मोबाइलच्या टॉवरपर्यंत पोचला.

पण एक गोष्ट मला टोचली. या सगळ्यांत तारीख कुठेच नाही. गेल्या दिवाळीत मैत्रीण पुण्यात आली होती. ती म्हणाली ‘आ प्ल्यूस’, मी म्हटलं ‘भेटू गं’. सुट्टी संपली, ती परत गेली. आम्ही भेटलोच नाही. भांडण नाही, राग नाही, नुसतं ‘भेटू’.

फ्रेंचमध्ये याला उताराही आहे. ‘मार्दी आँ उइत’, म्हणजे हा मंगळवार सोडून पुढचा मंगळवार. ‘उइत’ म्हणजे आठ. फ्रेंच माणूस सात दिवसांना ‘आठ दिवस’ म्हणतो आणि दोन आठवड्यांना ‘पंधरा दिवस’. आपलं काय वेगळं आहे? आठवडा, पंधरवडा!

मी तिला तेवढंच लिहिलं: ‘मार्दी आँ उइत, व्हिडिओ कॉल?’

या वेळी उत्तरात ‘ए प्लस’ नव्हतं. तिनं विचारलं, “किती वाजता?”

तुमच्याही फोनमध्ये असा एखादा ‘भेटू’ अडकलाय का? आज त्याला एक वार लावून टाका. मी येते!